आण्णांच्या बागेतली एका रुळाची गाडी

त्या रविवारी सकाळी अब्बा चहात पाव बुडवून खात होते आणि मी घटक चाचणीचे पेपर तपासत होते. जयसिंगपूरच्या शाळेत मी मराठी शिकवायचे. रोज सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळी परत यायचे. रविवार एवढाच काय तो घरात सापडायचा, आणि तो अब्बांना बरोबर सापडायचा.

"भिंतीवर माणूस कसा बसतोय?" त्यांनी विचारलं.

"कुठल्या भिंतीवर?"

"कुठल्या का असंना. एक पाय हिकडं, एक पाय तिकडं. व्हय का न्हाय?" त्यांनी टेबलाची फळी दोन्ही बाजूंनी बोटांत धरली आणि हात पुढे सरकवत आणला. "तशी आपली गाडी गर्डरवर बसलीया. वरची चाकं वजन घेत्यात आणि पळत्यात. बाजूची चाकं गर्डरला मिठी मारत्यात. त्यांचं काम पळायचं न्हवं, पडू द्यायचं न्हाय. आता सांग, वळणावर भाईरच्या चाकावर दाब जास्ती का आतल्या?"

"अब्बा, पाव चहात पडला."

स्वयंपाकघरातून अम्मीचा आवाज आला. "पोरीला लग्नाचं इचारा की कवातरी. चाकाचं काय इचारताय?"

"चाक सरळ बोलतंय," अब्बा म्हणाले आणि चमच्याने पाव काढायला लागले.

ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथच्या यंत्रावर उभे राहून म्हातारे झाले होते. इलाही मिस्त्री म्हटलं की तिथं कुणीही वाट दाखवायचं. गुळाचे व्यापारी आण्णा यांनी कागल रस्त्याला जमीन घेऊन पोरांसाठी बाग काढली, तेव्हा घसरगुंड्या आणि पाळणे अब्बांनीच करून दिले. मग आण्णांच्या जावयाने परदेशातून एक रंगीत चित्र पाठवलं. खांबांवर एक रूळ आणि त्यावर पांढरी गाडी. आण्णा ते घेऊन आमच्या दारात आले आणि म्हणाले, "मिस्त्री, ही मोनोरेल. पोरं बागेतनं हिंडत्यात ती हिंडत्यातच. आपल्या बागेवरनं हिंडवायची." अब्बांनी चित्र उजेडात धरलं, उलटं करून मागे काही आहे का बघितलं आणि म्हणाले, "पोटाखालचं दाखवलंच न्हाय की ह्यात." पोटाखालचं त्यांनी स्वतः शोधून काढलं. पोलादी पत्रे जोडून रुळाच्या जागी गर्डर केला, स्कूटरचे टायर बसवले, गर्डरच्या कुशीला तांब्याची पट्टी लावली. त्या पट्टीतून गाडीला वीज मिळायची.

त्या रविवारी चहानंतर ते सायकलवरून बागेत गेले, चष्मा विसरला म्हणून परत आले, परत गेले. संध्याकाळी दारातूनच ओरडले, "चढली!" बागेच्या मधून ओढा जातो. त्याच्यावरून जाताना गर्डर उंच चढतो, आणि त्या चढावर गाडी कितीतरी दिवस अडत होती. गाडी चढलेली बघायला फक्त ते आणि पिराजीमामा होते. पिराजीमामा म्हणजे उद्यमनगरातले त्यांचे जोडीदार, अब्बांच्या शेजारच्या लेथवरचे. आण्णा त्या दिवशी गडहिंग्लजला लग्नाला गेले होते.

अब्बांनी जेवताना जास्तीचा कांदा मागून घेतला. झोपताना रेडिओ बंद करायला विसरले. मी उठून बंद केला.

दुसऱ्या दिवशी माझा तास चालू असताना शिपाई आला. घरून फोन होता.

त्यानंतरचं मला नीट लावून सांगता येत नाही. जयसिंगपूरहून कोल्हापूरला येताना गाडी प्रत्येक स्टेशनवर थांबली. घरी पोचले तेव्हा माणसं फार होती आणि आमच्या चपला सापडत नव्हत्या. कुणीतरी मला पाणी दिलं. मी ते हातात धरून उभी होते, तेवढ्यात अब्बांना उचललं. बायका कबरस्तानात जात नाहीत. म्हणून मी दारात, पाणी हातात घेऊन. मला पुस्तकांत भेटलेले मृत्यू खूप होते. पुस्तकात माणूस मेला की पुढचं प्रकरण सुरू होतं. इथं पुढचं काही सुरूच होईना. बाहेरच्या खोलीतली सायकल बघून मी दोनदा विचारलं, "अब्बा चालत गेले का?" दुसऱ्या वेळी अम्मीने नुसतं माझ्याकडे बघितलं.

अम्मी इद्दतीला बसली, चार महिने दहा दिवस तिनं उंबरा ओलांडायचा नव्हता. घराबाहेरचं सगळं माझ्याकडे आलं, आणि त्यात गाडीही आली.

आण्णा भेटायला आले ते खाली मान घालून बसले. बशीतला चहा गार झाला, तो त्यांनी तसाच प्यायला. मग म्हणाले, "बाई, मिस्त्री म्हणायचे, माझ्या नजीराला गाडीचं समदं म्हायती हाय. मी न्हवतो तवा त्यांनी ती चढवली म्हणं."

"चढली होती," मी म्हणाले.

"मग आता का चढंना?"

मी म्हणाले, बघून सांगते. शाळेतही माझं तेच असे. कुणी काही विचारलं की बघून सांगते. ग्रंथालयात जाऊन दोन पुस्तकं उघडली. एकात आगगाडीच्या वाफेचा इतिहास होता, दुसऱ्यात बैलगाडीच्या आखाचा. आमच्या गाडीचं पोट कशातच नव्हतं.

आण्णांचं म्हणणं साधं होतं. दसऱ्याला बागेत माणसं येणार. त्या दिवशी गाडी फेरी मारून आली तर राहील. नाही तर जयसिंगपूरचा भंगारवाला दसरा झाला की गर्डर कापायला येतोय, आणि त्या जागेवर मंगल कार्यालय होईल. "मी वाईट माणूस न्हाय," ते उठता उठता म्हणाले. "पण उभ्या गाडीकडं बघून लोकं मिस्त्रीला नावं ठेवायला लागलीत. ते मला बघवत न्हाय." ते खरं होतं. तिथून पुढे मला एवढंच दिसत होतं की गर्डर कापला तर लोकांच्या बोलण्यात अब्बांची गाडी कधी चढलीच नव्हती असं होईल. ते दारातून ओरडले होते, ते खोटं ठरेल.

मी पिराजीमामांना विचारलं, दसऱ्याआधी एकदा चालवून बघूया का. ते म्हणाले, "गेल्या आठवड्यात बघितली पोरी. चढाच्या निम्म्यावर गेली, मग मीच भिऊन माघारी घेतली. मिस्त्री हँडलवर असले की मला भ्या वाटत न्हवतं."

म्हणजे निम्म्यापर्यंत तरी ती जात होती.

दसऱ्याला दुपारी मी बागेत गेले. गाडीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. दोन डबे, पांढरा रंग, आणि अब्बांनी हट्टाने केलेलं पसरट नाक. फलाटावर एक लोखंडी पेटी होती आणि तिच्यावर हँडल. हँडल दाबून धरलं की पट्टीत वीज जायची, सोडलं की गाडी थांबायची, उलटं दाबलं की माघारी यायची. हँडलशी पिराजीमामा उभे होते, नवा सदरा, कपाळाला गुलाल.

आण्णांनी नारळ फोडला. डब्यांत हौशी माणसं बसली. गाडी फलाटावरून निघाली, पोरं टाळ्या वाजवत खालून पळाली. वळण गेलं. मग चढ आला आणि चाकं जागेवरच फिरायला लागली. गर्रर्र असा आवाज, गाडी पुढे नाही. मग ती अलगद मागे घसरली. एक बाई किंचाळली.

"माणसं उतरवा, वजन झालंय," कुणी म्हणालं. गाडी फलाटावर माघारी घेऊन माणसं उतरवली. रिकाम्या गाडीची चाकं तर चढाला लागल्या लागल्याच जागेवर फिरू लागली.

"आता म्हणा, वजन पायजे," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

"मोटारच बारकी. लुनाची बसवली असंल."

"आण्णा, त्यापरीस पाठीमागनं बैल जुपा की."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. भरलेली चढत नाही आणि रिकामी त्याहून चढत नाही. गेल्या आठवड्यात निम्म्यावर गेलेली गाडी आज चढाच्या पहिल्या हातभरावरच थांबते. अब्बा गेल्यावर तिला काय झालं? ती अब्बांसाठी अडून बसली असं मनात आलं, पण ते इतकं खुळचट होतं की मी ते तिथंच सोडलं. मी शिडीने फलाटावर चढले, कारण खाली सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. गर्डरवर हात टेकला. हात सरकला.

हात उघडून बघितला. तळवा चकाकत होता. नाकाशी नेला. त्या वासाने क्षणभर मी उद्यमनगरात लहान होते, अब्बांचा लेथ झेंडूच्या माळेत आणि अब्बा चिंधीने त्याला पुसताहेत. आमच्या घरात सण दुसरे होते, पण खंडेनवमी अब्बांनी कधी चुकवली नाही. त्या दिवशी उद्यमनगरात कुठलंच यंत्र चालायचं नाही. सगळी यंत्रं तेलानं पुसून, हळदकुंकू लावून ठेवायची. मुसलमान मिस्त्री नारळ आणायचे, हिंदू मिस्त्री फोडायचे.

"मामा," मी म्हणाले, "गर्डरला काय लावलंय?"

"तेल," पिराजीमामा म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता. "काल नवमी न्हवं का. सगळं गर्डर या टोकापासनं त्या टोकापर्यंत पुसलं. शिडी घेऊन. मिस्त्रीनं एक वरीस बिनतेलाचं यंत्र ठेवलं न्हाय, म्हटलं आपण का ठेवायचं? त्यांच्या नावानं..."

ते बोलता बोलता थांबले. गर्डरकडे बघितलं, टायरकडे बघितलं. मग पेटीच्या कडेवर हळूच बसले आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"लेथचं चाक लोखंडावर फिरतंय," ते स्वतःशीच म्हणाले. "हे रबर हाय. ह्याला तेल न्हाय चालत. पिराजी, लेका, काय केलंस."

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांनी ते अब्बांसाठी केलं होतं. मी अब्बांसाठी काय केलं होतं? पेपर तपासले होते.

आण्णा खालून ओरडले, "काय झालं रं?"

"तेल लागलंय," मी ओरडले. "रॉकेल पाहिजे. चिंध्या. आणि सोड्याचं पाणी, राख, जे काय मिळेल ते!"

वर्गाबाहेर मी कधी इतकं मोठ्याने ओरडले नव्हते. आण्णांनी कोट काढला. बागेतल्या हॉटेलातून राख आली, स्टोव्हचं रॉकेल आलं. मघाशी बैल जुपा म्हणालेला माणूस शिडीवर चढून गर्डर घासायला लागला आणि खालून त्याची बायको म्हणाली, "घरात एक भांडं घासत न्हाय, ह्यो बघा." फलाटापासून चढाच्या माथ्यापर्यंतचा गर्डर आधी रॉकेलने पुसला, मग सोड्याच्या पाण्याने धुतला, कोरडा केला, वर राख चोळली. टायर पुसले. ऊन कलायला लागलं होतं.

"आता पुढच्या डब्यात कुणीतरी बसाय पायजे," पिराजीमामा म्हणाले. "चाक फिरतंय का सरकतंय, तिथनं दिसतंय. मी हँडल सोडू शकत न्हाय."

कुणी पुढे येईना. आण्णांनी आपल्या पोटाकडे बोट दाखवलं. "मी बसलो तर गर्डर वाकंल."

म्हणून मी बसले.

गाडी निघाली. वळण आलं, तेव्हा बाहेरच्या बाजूला काहीतरी दाबल्यासारखं कुरकुरलं. की आतल्या बाजूला? मला ओळखता आलं नाही. चढ आला. मी वाकून टायर बघत होते. राखेवर त्याची नक्षी उमटत चालली होती, एकसारखी, न पुसलेली. डब्याचं नाक वर उचललं गेलं. झाडांचे शेंडे खाली गेले. मग नाक सरळ झालं, आणि मी ओढ्याच्या वर होते.

"चढली!" खालून पिराजीमामांचा आवाज आला. मग बाकीच्यांचा. कुणी हलगी वाजवायला लागलं. मी वळून हात हलवला. गाडी पलीकडच्या उताराला लागली, आणि तेवढ्यात मोटारीचा आवाज गेला. बागेतलं गाणं गेलं, कारंजं बसलं. वीज गेली होती.

मी कडी घट्ट धरली. उतारावर वीज गेली म्हणजे आता गाडी सुटणार, असंच मला वाटलं. पोटाखाली खट् असा आवाज झाला आणि गाडी जिथल्या तिथं उभी राहिली.

"भिऊ नगंस!" पिराजीमामा तोंडाभोवती हात धरून ओरडत होते. "ब्रेक धरलाय त्यो! मिस्त्रीनं उलटा केलाय! वीज हाय तवर ब्रेक सुटलेला, वीज गेली की स्प्रिंग आपली आपण धरतीया! जाग्यावरनं हलायची न्हाय ती!"

"आण्णा," मी ओरडून विचारलं, "गर्डर?"

"कुठला भंगारवाला येतोय बघतो मी!" आण्णा ओरडले. "तू बस गप. शिडी आणतो मोठी. हितली पुरायची न्हाय."

सगळे शिडीच्या मागे पळाले. पिराजीमामा तेवढे हँडलशी राहिले, वीज नसलेलं हँडल दाबून धरून.

मी ओढ्यावर लोंबकळत होते. पडत नव्हते. खाली पाण्यात डब्याची पांढरी सावली हलत होती. गाडी चढली होती, आता ती कापणार नव्हते, म्हणजे ज्यासाठी मी आले होते ते झालं होतं. पण वळणावर दाब कुठल्या चाकावर, हे मला अजून कळलेलं नव्हतं. अम्मीला घरी जाऊन काय सांगायचं तेही. उद्या सकाळची गाडी धरून जयसिंगपूरला कसं जायचं, संध्याकाळी कुणाच्या घरी परत यायचं, तेही.

शेजारची सीट रिकामी होती. रेक्झिन अब्बांनी स्वतः ताणून बसवलं होतं, एका कोपऱ्यात सुरकुती पडली होती. मी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"अब्बा," मी म्हणाले. आवाज मोठा आला. ओढ्यावर कुणी नव्हतं. "मला काय बी कळंना झालंय. तुमी पायजे हुता मला."