दुनळीची ओटी

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे, मित्रांनो. घाबरू नका, पोट रिकामं आहे माझं. ते रिकामं का ठेवतात, तेवढंच सांगायचं आहे.

चाळीसगावच्या पलीकडे, डोंगराच्या कडेला निंबानानांचं शेत होतं. भुईमुगात रानडुकरं शिरली की नाना मला खांद्याला लावत आणि त्यांची बायको भागाबाई काडतुसं भरून देत. नाना गेले आणि मी खुंटीवरच राहिले. कोणी साधं पुसेना. फार वाईट वाटे हो!

मग १९५६ साली त्यांचा धाकटा मुलगा कौतिक आसामातल्या चहामळ्यावर नोकरीला निघाला. तिकडे बिबट्यांचा त्रास, म्हणून परवाना काढून मलाही सोबत घेतलं. आणि जायचं कसं? मुंबईहून विमानानं! मी तर हरखूनच गेले. कौतिकनं मला रिकामी करून पेटीत ठेवलं, काडतुसं वेगळ्या डब्यात घातली.

तो बैलगाडी जुंपायला गेला, तेवढ्यात भागाबाईंनी पेटी उघडली. मला हळदकुंकू वाहिलं आणि डब्यातल्या एका काडतुसाला कुंकू लावून ते नळीत सरकवलं. थोरली सून पुष्पाबाई बघतच राहिली, तर भागाबाई म्हणाल्या, "घरनी लेक शे ती. रिकामी ओटीनी कशी धाडू?"

माया खरी, पण माझा जीव टांगणीला लागला. मला बोलता कुठे येतं!

विमानतळावर साहेबांनी विचारलं, "बंदूक रिकामी आहे ना?"

"हो साहेब, मीच केली," कौतिक छातीठोकपणे म्हणाला.

साहेबांनी तरी मला उघडलं. काडतूस पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, सामानात दणका बसून उडाली असती तर? वर एवढी माणसं बसणार! कोणी भरली ही?"

कौतिकला कुंकू दिसलं आणि सगळं उमगलं. "मीच भरली. विसरलो," तो म्हणाला. मायचं नाव त्यानं काढलंच नाही. विमान गेलं, मी पोलीस ठाण्यात गेले आणि त्याची नोकरीही गेली.

ती का गेली, ते त्यानं घरी सांगितलं नाही. पुढे मला सोडवून आणलं, तेव्हा भागाबाईंनीच पेटी उघडून विचारलं, "मी ठेयेल काडतूस कोठे शे रे?"

"ते विमानतळावर साहेबांना सापडलं, माय," कौतिक म्हणाला. भागाबाई ढसाढसा रडल्या.

मित्रांनो, मुलांनी तर मला हात लावूच नये. आणि मोठ्यांनी, स्वतःच्या हातानं रिकामी केली असली तरी, पुन्हा उघडून बघावं. दसऱ्याला भागाबाई मला आधी उघडून उन्हाकडे धरतात. दोन्ही नळ्यांतून उजेड दिसला, की मगच माझ्या पेटीवर ओटीचे तांदूळ ठेवतात.