उभी बाटली

"लेबलावर सोनं चढवलेली नको," नेलिदा म्हणाली. "त्या सोन्याचे पैसे आपणच भरायचे आणि ते काही पिता येत नाही. पण जाणत्या माणसानं नाक मुरडता कामा नये, अशी दे."

रेमोने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मेंदोसा शहराला लागून असलेल्या गोदोय क्रूसमध्ये, बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं वाइनचं दुकान होतं. शाळेच्या मुदपाकखान्यात स्वयंपाक करणारी नेलिदा त्याची जुनी गिऱ्हाईक. पण ती न्यायची ती वेताने मढवलेल्या बुधल्यातली सुटी वाइन, जेवताना सोडा घालून प्यायची. आज ती बूच लावलेली बाटली मागत होती, वर कागदात बांधून हवी म्हणत होती. म्हणजे काहीतरी खास होतं.

"कुणाला देताय, नेलिदाबाई? जावई शोधलात की काय?"

"लेक असती तर जावई शोधला असता. डॉक्टरला द्यायचीय. इलारिओच्या."

"अरे वा! झालं नवऱ्याचं ऑपरेशन?"

"उद्या सकाळी आहे."

डॉक्टरला बाटली द्यायची हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण द्यायची ती टाके निघाल्यावर, रोगी हिंडायला-फिरायला लागल्यावर. आधी देणारे थोडेच.

"बाई, रागावू नका, पण आधी कशाला? नंतर द्या की निवांत. आधी दिली तर लाच दिल्यासारखं दिसतं."

"नंतर म्हणजे कधी रे?" नेलिदा एकदम वस्सकन म्हणाली. मग स्वतःच ओशाळली आणि पाकिटाची चेन उगाच उघडझाक करू लागली. नंतर असं काही असेलच, याची तिला खात्री वाटत नव्हती. इलारिओच्या हृदयाची झडप कामातून गेली होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं, आणि त्या चित्रातली बारीकशी रेघ गेले आठ-दहा दिवस तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

रेमोने जास्त विचारलं नाही. शिडीवर चढून त्याने एक बाटली काढली आणि फडक्याने पुसत खाली आणली.

"ही बघा. मालबेक, मालबेक करत सगळं जग इथे येतं, म्हणून त्या नावाचेच निम्मे पैसे पडतात. ही बोनार्दा, दुसऱ्या द्राक्षाची. माती तीच, ऊन तेच, डोंगरावरच्या बर्फाचं पाणीही तेच. पण हिला बाहेरचं कुणी विचारत नाही, म्हणून स्वस्त. आणि बाटली हलकी लागतेय म्हणून घाबरू नका. जड बाटलीत वाइन जास्त नसते, काच जास्त असते."

"डॉक्टर दर्दी आहे म्हणतात. घरी तळघर आहे त्याच्या."

"मग तर हीच न्या. ज्याच्या घरी तळघर आहे त्याला लोक महागाच्याच आणून देतात, सगळ्या सारख्या. ही बघून तो म्हणेल, कुणीतरी विचार करून आणली."

ते नेलिदाला पटलं. विचार करून आणली! तिच्या जिवाला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं की माणूस बोलतो, तशी ती बोलून गेली.

"तशी एक दिलीय म्हणा इलारिओनं परवाच, दवाखान्यात दाखल होताना. घरची. पण तिला ना लेबल ना काही. मला मेलीला लाज वाटली, म्हणून म्हटलं जोडीला एक चांगली असू दे."

"घरची? कधीची?"

कधीची ते नेलिदाला बरोबर आठवत होतं. घरावर पत्रे चढले त्या वर्षीची. अंगणातल्या मांडवावर तेव्हा पहिल्यांदा द्राक्षं लगडली होती. कपडे धुवायच्या टबात दोघांनी ती पायांनी तुडवली, आणि इलारिओ तिच्या कमरेला धरून "घसरू नकोस गं" म्हणताना स्वतःच आपटला होता. त्यातल्या बाकीच्या बाटल्या कधीच संपल्या. शेवटची तेवढी राखून ठेवली. आधी बाळाच्या बारशाला म्हणून. बाळ काही झालं नाही. मग इलारिओ नोकरीतून निवृत्त होईल तेव्हा म्हणून. त्या दिवशी पाहुणे इतके आले की एक बाटली कुणाच्या तोंडी लावणार? ती राहिली ती राहिलीच.

"आडवी ठेवली होती ना?" रेमोने विचारलं.

"छे. उभी. शेगडीवरच्या फळीवर, मारिया-मातेच्या तसबिरीशेजारी. माझा भाऊ म्हणायचा आडवी ठेवा, तर इलारिओ म्हणायचा, आडवं पडायची एवढी घाई कशाला, उभी राहू दे."

रेमो मोठ्याने हसला. "बाई, बाई! इतकी वर्षं उभी, आणि तीही शेगडीवर? बूच सुकून खडखडीत झालं असेल. आत हवा गेली असेल. वाइन कसली, कोशिंबिरीवर शिंपडायचा आंबट सिरका झाला असेल त्याचा! डॉक्टरनं घोट घेतला तर..."

तिचा चेहरा पाहून तो थांबला. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

नेलिदाने कागदात बांधलेली बोनार्दा पिशवीत घातली आणि बस पकडली. बसमध्ये तिला सगळं डोळ्यांसमोर दिसत होतं. डॉक्टर आज रात्री जेवायला बसणार, कौतुकाने बूच काढणार, घोट घेणार आणि थू करून टाकणार. आणि तीच आंबट चव जिभेवर घेऊन उद्या सकाळी हातात सुरी धरणार. असं काही होत नसतं हे तिला कळत होतं. एवढा शिकलेला माणूस बाटलीपायी कुणाचा जीव घेईल का? पण ती भीती काही केल्या जात नव्हती. ती बाटली आजच्या आज परत मिळवायची, एवढंच तिला सुचत होतं.

दवाखान्यात इलारिओ उशीला टेकून खिडकीबाहेर बघत बसला होता. जन्मभर पाटकरी म्हणून काम केलेला माणूस. कुणाच्या मळ्याला कधी पाणी सोडायचं, कुणाच्या पाटाचं दार कधी पाडायचं, हेच त्याचं आयुष्य. इथेही त्याला रस्त्याकडेचा पाट दिसत होता आणि तेवढ्यावर तो खूश होता.

"काय गं म्हातारे, पिशवीत काय लपवलंस?"

"तेल आहे."

"तेलाला एवढा छान कागद? कुणाशी लग्न लावतेस तेलाचं?"

"तू गप्प पड. डॉक्टरनं बोलू नको सांगितलंय."

"त्यानं चालू नको सांगितलंय. बोलण्याचं काही म्हणाला नाही." त्याने तिचा हात धरला. त्याची बोटं गार होती, एवढ्या उकाड्यातही गार. "खालचा पाट बघितलास का? तिसऱ्या झाडापाशी तुंबलाय. सांग कुणाला तरी. मला उतरू देत नाहीत."

"सांगते," नेलिदा म्हणाली, आणि हात सोडवून घेताना तिला इतकी भीती वाटली की तिने तो पुन्हा एकदा धरला, उगाच नखं बघितल्यासारखं केलं आणि मगच बाहेर पडली.

योलांदा नावाची परिचारिका तिच्या ओळखीची होती, तिची पोरं नेलिदाच्या शाळेत जेवायची. तिने डॉक्टर बारोसच्या खोलीचं दार उघडून दिलं. डॉक्टर वाकून बुटाची नाडी बांधत होते. पांढऱ्या भुवयांचे, थकल्या चेहऱ्याचे गृहस्थ.

"डॉक्टर, इलारिओनं दिलेली बाटली उघडलीत का हो?" नेलिदाने दारातूनच विचारलं.

"नाही. का?"

"देवा!" ती घाईने आत आली. "ती खराब झालीय. सिरका झालाय. उभी होती ना, शेगडीवर. आम्हाला काय ठाऊक? ती द्या मला परत. ही घ्या, ही चांगली आहे, दुकानदारानं खात्री दिलीय."

डॉक्टरांना हसू आलं. "बसा, बसा आधी. अहो, मी ती उघडणारच नव्हतो. मी कुणाचीच आधी उघडत नाही. रोगी स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर गेला की त्या संध्याकाळी उघडतो. तोवर ती तिथे." त्यांनी भिंतीतल्या कपाटाकडे बोट दाखवलं. "आणि तुमच्या नवऱ्यानं तर मला दम भरलाय. माझ्याशिवाय उघडायची नाही, म्हणाला. द्राक्षं मी तुडवलीत, पहिला घोट माझा. तेव्हा सिरका तर सिरका, दोघं मिळून तोंड वाकडं करू."

नेलिदाने कपाटाकडे पाहिलं. दार उघडंच होतं. बाटल्या उभ्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्याला पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव. पुढच्या रांगेत त्यांची बिनलेबलाची बाटली होती. इलारिओ असं शाईने लिहिलेलं. तिला हायसं वाटलं. मग तिची नजर मागच्या रांगेवर गेली. तिथल्या बाटल्यांवर धूळ होती. पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या. एकीवरचं नाव बाईचं होतं, एकीवरचं वाचताच येत नव्हतं.

"आणि त्या मागच्या?" तिने विचारलं. विचारता विचारताच तिला उत्तर कळलं.

डॉक्टरांनी उठून कपाटाचं दार हळूच लोटलं.

"त्या राहिल्या," ते म्हणाले. "ज्यांच्या आहेत त्यांच्याशिवाय कशा उघडणार?"

मघाची भीती आता नेलिदाला हवीहवीशी वाटली. सिरक्याची भीती! ती किती सोपी होती, बसने येऊन निस्तरता येण्यासारखी. ही दुसरी भीती घेऊन कुठल्या बसने कुठे जायचं? तिने बोनार्दा पुन्हा पिशवीत घातली. "ही मग नंतरच देते," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सोंदा सुटला. डोंगरावरून उतरणारा तो गरम, कोरडा वारा सुटला की इथे शाळा बंद होतात, लोक खिडक्यांना ओल्या चादरी लावतात आणि ज्याचं डोकं दुखत नाही त्याचंही दुखायला लागतं. त्या वाऱ्यात कुणी चांगलं काम हाती घेत नाही. इलारिओला आत नेताना तो म्हणाला, "सोंद्यात पाटाला पाणी जास्त सोडावं लागतं. सांगितलंस ना तिसऱ्या झाडाचं?"

"सांगितलं," नेलिदा खोटं बोलली. ती कालच विसरून गेली होती.

ती बाकावर बसून राहिली. पत्र्यावर, काचांवर वारा धडका देत होता. जपमाळ हातात होती, पण प्रार्थना निम्म्यात यायची आणि पुढचे शब्दच आठवायचे नाहीत, पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी दार वाजलं की ती अर्धवट उठायची आणि दर वेळी ते वाऱ्यानेच वाजलेलं असायचं. योलांदाने दोनदा माते, म्हणजे नळीने ओढायचा कडू पानांचा काढा, आणून दिला, पण तो ओढायचीही तिला शुद्ध नव्हती. मग एकदा दार वाजलं नाही, नुसतं उघडलं. डॉक्टर बारोस हातात टोपी घेऊन आले आणि तिच्यासमोर उभे न राहता शेजारी येऊन बसले. ते शेजारी बसले तेव्हाच तिला कळलं.

इलारिओला मातीत ठेवून झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, नेलिदा त्याच्या वस्तू न्यायला दवाखान्यात आली. चपला होत्या, चष्मा होता, छोटा रेडिओ होता. येताना ती तिसऱ्या झाडापाशी थांबली होती. काठीने पानं-कचरा बाजूला केला तसा पाट भळभळा वाहायला लागला, आणि ती तिथेच उभ्याने रडली.

डॉक्टरांच्या खोलीत गेली तेव्हा ते कपाटातून ती बाटली काढून टेबलावर ठेवत होते.

"नेलिदाबाई, ही तुमची आहे. तुम्ही घेऊन जा. माझ्यापाशी... मला ती ठेवून घ्यायचा हक्क नाही."

नेलिदाने पिशवीतून बोनार्दा काढली. कागद अजून तसाच होता, फक्त कोपऱ्यात चुरगळलेला.

"ही तुम्हाला. ही प्यायची आहे. आजच उघडा."

"मी कशी घेऊ? मी तर..."

"तुम्ही त्या दिवशी किती वेळ उभे होतात ते मी बाहेर बसून मोजलंय. घ्या. स्वस्तातली आहे, पण विचार करून आणलीय."

डॉक्टरांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

मग नेलिदाने टेबलावरची जुनी बाटली उचलली आणि कपाटापाशी गेली. पुढच्या बाटल्या तिने एकेक करून बाजूला सारल्या, मागच्या रांगेत हात घालून जागा केली आणि बाटली तिथे आडवी ठेवली. नावाची पट्टी वर येईल अशी फिरवली. ती घरंगळायला लागली, तशी कमरेला खोचलेला रुमाल काढून तिने त्याची घडी केली आणि गळ्याखाली सारली.

"आता आडवी ठेवून काय उपयोग?" डॉक्टर हळूच म्हणाले. "आतलं तर केव्हाच गेलं."

"उपयोगासाठी नाही हो," नेलिदा म्हणाली. "फार वर्षं उभी होती. दमली असेल."

रुमालाची घडी तिने एकदा दाबून पाहिली, आणि चपलांची पिशवी घेऊन ती निघाली.