शेवट बघून येते

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण परवापर्यंत एकाही सिनेमाचा शेवट मी पाहिला नव्हता. खोटं वाटत असेल तर आमच्या यांनाच विचारा. शेवट जवळ आला की यांचं कोपर माझ्या बरगडीत बसतंच. "चल, ऊठ. नंतर गर्दी होते." मग जिना उतरताना हे मला शेवट सांगणार, तोही स्वतः न बघता. "काय होणारे? सापडतो तो." आणि मी मूग गिळून घरी.

घाई यांच्या पाचवीलाच पुजलेली. माझा शेवटचा घास तोंडात जायच्या आत हे हात धुऊन "आवर, आवर" करत दारात उभे.

परवा लेकीनं आम्हा दोघांची तिकिटं काढून दिली. छोटंसं थिएटर, त्याला चिकटून कॅफे, मध्ये फक्त एक जाड निळा पडदा. कॅफे मात्र झोकदार! थिएटरातल्या जुन्या खुर्च्यांचे सोफे केलेले, टेबलाटेबलावर मुठीएवढे दिवे, आणि खिडकीशी इतकी उंच स्टुलं की माझे पाय लोंबकळायला लागले. मला सगळंच फार आवडलं. हे म्हणाले, "सोबत शिडी दिली असती तर काय बिघडलं असतं?"

चहा काचेच्या किटलीत आला, शेजारी वाळूचं इवलंसं घड्याळ. "वाळू खाली उतरली की ओता, तोवर मुरू द्या," असं सांगून वाढणारी मुलगी वळते न वळते तोच यांनी ओतलासुद्धा.

"वाळू बघत बसायला आपण काय रिकामटेकडे आहोत?"

हा माणूस निवृत्त आहे. रोज दुपारी खिडकीत उभा राहून लोकांनी गाड्या कशा वाकड्या लावल्यात ते बघतो. चहा पांचट लागला. मी तो प्यायले.

सिनेमात माझ्याच वयाची एक बाई होती. घर सोडून एका खोलीत राहायला आलेली. स्वतःचा पलंग स्वतःच जिन्यावरून ओढत आणते, भिंतीला रंग देते. शेवटी नवरा येऊन दार ठोठावतो. ती कडीवर हात ठेवते. नेमकं तेव्हाच कोपर.

"चल. जाते ती परत. दुसरं काय करणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी खात्री! "तुम्ही व्हा पुढे," मी म्हणाले. "मी शेवट बघून येते."

"अगं, गर्दी होईल ना!"

"सगळी मिळून दहा-बारा टाळकी आहेत."

मागून कुणीतरी "शूऽऽ" केलं. हे उठले, दोन पावलं गेले, वळून बघितलं. मी ढिम्म हलले नाही. दारातला निळा पडदा सरकला आणि हे गेले.

मग मी शेवट बघितला. अख्खा. पडद्यावर नावं सरकायला लागली तरी बसून राहिले, शिंप्यासुताराचीसुद्धा वाचली. डोळ्यांतून पाणी येत होतं. त्या बाईसाठी रडत होते की हुकलेल्या सगळ्या शेवटांसाठी, कोण जाणे. राग मात्र जराही ओसरला नव्हता, आणि त्याचं मला बरं वाटत होतं.

बाहेर आले तर हे त्याच स्टुलावर, पाय लोंबकळत बसलेले. समोर नवी किटली नुकतीच आली होती. मी शेजारी चढून बसले. यांनी खिडकीबाहेर बघितलं, मग दिव्याशी चाळा केला.

"गेली ना परत?"

मी स्टुलावर नीट सावरून बसले.

"अगं, गेली ना?" मघाची खात्री कुठल्या कुठे पळाली होती.

"उद्याही खेळ आहे," मी म्हणाले. "शेवटपर्यंत बसा. कळेल."

यांचा हात सवयीनं किटलीकडे गेला. मी झाकणावर तळहात ठेवला. चटका बसत होता, पण हात काढला नाही.

"वाळू उतरू द्या."

यांनी हात मागे घेतला आणि वाळूकडे बघत बसले.