गावंडेसाहेबांचं बीपीचं मशीन

चंद्रभान गावंडे रिटायर झाले तेव्हा ठणठणीत होते. पाटबंधाऱ्यातली हेडक्लार्की, चौतीस वर्षं अमरावती-दर्यापूर अप-डाऊन, तरी बाप्पा, साधी शिंक नाही. त्यांना धसका दिला तो निरोपाच्या कार्यक्रमानं. शाल-श्रीफळ झालं, अन भाषणाला उठलेल्या प्रत्येकानं एकेक मेलेला माणूस उकरून काढला. अमके साहेब रिटायर झाले अन चौथ्या महिन्यात गेले. तमके बाबू तर पेन्शनचा कागद हाती पडायच्या आधीच. सवय तुटली की शरीर बंड करतं, असं एकजण माइकवर बोलला अन लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता टाळ्या कशाच्या, सांगा.

दुसऱ्याच दिवशी चंद्रभानजींनी साजिदच्या मेडिकलमधून बीपीचं मशीन आणलं, अन एक लांब वही. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री नऊ. पट्टा यांच्या दंडाला, पेन बायकोच्या, कौशल्याबाईंच्या हातात. वरचा एकशे बावीस, खालचा अठ्ठ्याहत्तर, लिही. दुपारी तीन ही बाईंची डोळा लागायची वेळ, पण साहेबांच्या जिवापुढे झोपेचं काय घेऊन बसता.

रिकामं बसून दाब वाढू नये म्हणून मधल्या वेळात त्यांनी घर चालवायला घेतलं. घर छत्तीस वर्षं चालूच होतं, पण ते यांनी पाहिलं कुठं होतं? डब्यांवर नंबर टाकले. दूध उतू गेलं की खुलासा मागितला. बाई फोडणी टाकायला लागल्या की मागे उभं राहून तेलाची चौकशी केली. दुपारून शेजारच्या आयशाबी यायच्या, दोघी दारात बसून डाळ निवडायच्या अन गल्लीभरची खबर घ्यायच्या. तिथंही साहेब खुर्ची टाकून बसायला लागले अन दोघींच्या बोलण्यात दुरुस्त्या सुचवायला लागले. आयशाबी चार दिवस आल्या. मग त्यांच्याकडे शिवणाचं काम अचानक फार वाढलं.

नातेवाइकांचे फोन यायचे, साहेबांना जपा म्हणायचे. माणसाचं सगळं आयुष्य बदलून जातं, मनाला लागतं, तुम्ही लक्ष द्या वहिनी. कौशल्याबाई हाव, हाव म्हणायच्या अन गॅसकडे वळायच्या.

चौथा महिना लागला, तसा साहेबांचा जीव खालीवर व्हायला लागला. एका दुपारी वरचा फक्त एकशे चार आला. चंद्रभानजी घाबरले. मशीन बरोबर आहे की नाही पाहावं म्हणून त्यांनी पट्टा बायकोच्या दंडाला बांधला. वरचा एकशे ब्याऐंशी, खालचा एकशे दहा. बिघडलंच होतं तर! त्यांना हायसं वाटलं.

साजिदनं मशीन बदलून दिलं. नवं मशीन साहेबांना एकशे वीस दाखवायचं अन बाईंना एकशे चौऱ्याऐंशी. तेही परत केलं, कंपनी बदलून घेतली. कंपनी बदलली तरी बाईंचा आकडा काही हटेना. तिसऱ्यांदा मशीन काउंटरवर आदळून साहेब म्हणाले, सगळा माल खोटा आहे. साजिदनं पट्टा आधी स्वतःला बांधला, मग त्यांना बांधला. दोन्ही आकडे सरळ आले.

"काकाजी," तो म्हणाला, "मशीन माह्यावर बरोबर चालते, तुमच्यावर बरोबर चालते. काकूच्याच हातावर बिघडते म्हणता. मशीन राहू द्या, काकूले दवाखान्यात न्या."

दवाखान्यात डॉक्टरनं बाईंना विचारलं, झोप लागते का? लागते, साहेब म्हणाले. डोकं दुखतं? तिचं कधीच दुखत नाही, तेही साहेबच म्हणाले. चार-सहा महिन्यांत काही बदल झाला? तिचा काय बदल होणार डॉक्टरसाहेब, रिटायर तर मी झालो. डॉक्टरनं त्यांना बाहेर बसायला सांगितलं. आत पंचवीस मिनिटं लागली. एवढं बोलायला हिच्याजवळ आहे तरी काय, याचा चंद्रभानजींना उलगडा होईना. बाई बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. हातात गोळीची चिठ्ठी होती, अन मुलीकडे अकोल्याला पंधरा दिवस जाऊन राहायचा सल्ला.

पंधराव्या दिवशी साहेब पिशवीत मशीन अन वही घेऊन अकोल्याला हजर झाले. मुलीनं, प्रणालीनं पाणी दिलं, ते प्यायच्या आधी त्यांनी बाईंच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. साहेबांना आनंद मावेना.

अकोल्याचं पाणी मानवलं म्हणाले. गोळीपेक्षा हवापालट खरा. मग त्यांनी तिथल्या तिथं योजनाच मांडली. अमरावतीचं घर भाड्यानं देऊ, अकोल्यात दोन खोल्या पाहू, मीही येतो, दोघं मिळून राहू.

पट्टा दंडालाच होता. कौशल्याबाई शांतपणे बोलल्या. "तुमी रिटायर झाले तं शाल भेटली, भाषणं झाली. माह्यं काय झालं, कोणी इचारलं का? माह्या टेबलावर दुसरा साहेब आणून बसवला, अन मले बदलीची ऑर्डर बी नाई देली. मी येईन अमरावतीले. पण अकरा ते पाच तुमी घरात दिसाले नाई पाह्यजे."

"अन मी जाऊ कुठं?" चंद्रभानजी म्हणाले.

"चार महिने मी हेच इचारून राहिली सोताले," त्या म्हणाल्या. "माह्याच घरात मी जाऊ कुठं."

प्रणाली दारात उभी होती, ती आत निघून गेली. चंद्रभानजींनी वहीत पाहिलं. चार महिन्यांची पानं, सगळं अक्षर बायकोचं अन सगळे आकडे त्यांचे. आपला दाब लिहिता लिहिता ही एखाद्या दुपारी आपल्यासमोर कोसळली असती, अन आपण तेव्हाही मशीनच बदलायला गेलो असतो. त्यांनी बायकोच्या दंडाचा पट्टा सोडला.

"तुले यावं वाटंल तवा ये," ते म्हणाले, अन चारच्या गाडीनं एकटेच अमरावतीला निघाले.