दुसरी घंटा

"घंटा मारू ना?" थंडोबानं सचिवांना विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मारलीसुद्धा.

थंडोबा हा मच्छीमार सोसायटीच्या बर्फ कारखान्याचा मिस्त्री. जन्म बर्फात गेलेला, आणि चाल अशी की गोगलगायीनं मागून येऊन पुढं जावं. हे नाव त्याला कुणा एकानं ठेवलं नव्हतं. साऱ्या किनाऱ्यानं मिळून ठेवलं होतं, अगदी सहकारी तत्त्वावर.

वार्षिक सभेच्या घंटा दोन. पहिलीला सभा बोलवायची, पुरेसे सभासद नाहीत म्हणून तहकूब करायची. अर्ध्या तासानं दुसरी घंटा. मग जेवढे जमतील तेवढ्यांत सभा उरकली तरी नियमात बसायची. त्यामुळं पहिल्या घंटेला कुणीच फिरकत नसे. जो येईल तो घरी भांडून आला असणार, अशी समजूत होती. आज सकाळीच मावशीनं, किनाऱ्यावरच्या सगळ्यांत लहान होडीच्या मालकिणीनं, जाळं विणता विणता विचारलं होतं, "काय रे, कधी येऊ?"

"दुसरीला या सगळ्या. आरामात," तो म्हणाला होता. दरवर्षी हेच म्हणायचा.

घंटा मारून तो कारखान्याच्या पत्र्याखाली भरणाऱ्या सभेत आला आणि दारातच थबकला. बाकं भरली होती. मोठ्या बोटींचे मालक होते, अध्यक्षांचे भाचे-पुतणे होते, शेअर घेऊन ठेवलेले पण समुद्रात कधी पाय न भिजवलेले पांढऱ्या शर्टांतले लोक होते.

"आज काय, कुणाचं लग्न आहे?" त्यानं सचिवांच्या कानात विचारलं.

"सभासद आहेत. गणपूर्ती झाली. बस," सचिव म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

अध्यक्ष उठले. याच अध्यक्षांनी आणि थंडोबानं तरुणपणी खांद्याला खांदा लावून कारखान्याचा पाया खणला होता. तेव्हा बर्फाचे व्यापारी लहान होडीला दारात उभं करत नसत, आणि पकडलेली मासळी किनाऱ्यावरच सडायची. म्हणून सोसायटी निघाली, आणि पहिल्याच दिवशी ठरलं, बर्फ आधी लहान होडीला. मोठ्यांना थांबणं परवडतं. ती पाळी थंडोबानं कधी मोडू दिली नव्हती.

"यंत्र म्हातारं झालंय," अध्यक्ष म्हणाले. "सरकारी मदत बंद. आपल्याच्यानं रेटत नाही. म्हणून कारखाना बर्फाच्या व्यापाऱ्याला लांब मुदतीच्या करारानं द्यावा, असा ठराव आहे."

यंत्राचं खरं होतं, त्याला नाकारता येईना. रात्री-अपरात्री उठून त्या यंत्राची नाडी बघणारा तोच होता. पण सोसायटीचं दुखणं यंत्रात नव्हतं, असं त्याला वाटत आलं होतं.

"आणि पाळी?" त्यानं विचारलं.

"पाळी व्यापारी ठरवील."

"मग थोडं थांबू या. होडीवाले अजून यायचेत. दरसाल आपण थांबतोच की."

"दरसाल माणसं नसतात म्हणून थांबतो. आज आहेत," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "नियमात बसतंय ना?"

बसत होतं. थंडोबा उठला आणि आयुष्यात पहिल्यांदाच पळाला. खांबापाशी जाऊन त्यानं वेळेआधीच दुसरी घंटा मारली, हात भरून येईपर्यंत मारली. किनाऱ्यावर होडीला फळ्या ठोकणं चाललं होतं. दोन-चार माथी वर झाली. कुणीतरी हात हलवला आणि पुन्हा ठोकायला लागलं.

तो परत आला तेव्हा मतदान सुरू होतं. अनुकूल हात इतके वर झाले की सचिवांनी मोजलेच नाहीत.

"विरोधात?"

थंडोबानं हात वर केला. पांढरे शर्ट मागं वळून बघू लागले. कुणीतरी खुसखुसलं.

"दिसला रे. घे खाली," अध्यक्ष म्हणाले. आवाजात जुनी सलगी होती, म्हणून जास्तच लागलं.

त्यानं हात खाली घेतला नाही. आभार झाले, सभा संपली, बाकं सरकली, तरी नाही.

बाकं रिकामी होत असताना होडीवाल्या बायका आणि त्यांचे पुरुष हसत-खिदळत येऊन पोचले. पुढं मावशी, काखेत टोपली.

"बघ, बरोब्बर आलो! ठोकाठोकीत पहिली घंटा उशिरा ऐकू आली, पण दुसरीच्या आत पोचलो की नाही?"

"ती दुसरी होती मावशी."

"चल, थट्टा करतोस!" मग तिनं त्याचा चेहरा पाहिला. "काय झालं?"

त्यानं सांगितलं. बाकीचे कुजबुजू लागले, एकानं अध्यक्षांना शिवी हासडली.

"तू काय केलंस?" मावशीनं विचारलं.

"हात वर केला."

"एकट्यानं?"

"तुम्हाला आरामात या म्हणून सांगणारा मीच," तो म्हणाला. "एवढी वर्षं मीच सांगत आलो."

"आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत? सोसायटी आपली, तर पहिलीला यायला पाय मोडले होते आमचे?" मावशी चिडून म्हणाली. मग तिनं टोपली पुढं केली. "चल, बर्फ दे. संध्याकाळी निघायचंय."

त्यानं साच्यातून लादी काढली आणि सळईनं फोडली. लादी वेडीवाकडी फुटली, तुकडे फरशीवर उडाले. मावशीनं मोठे तुकडे टोपलीत भरले. एरवी ती तेवढ्यावर निघून जायची. आज खाली बसली, आणि फरशीवरचा चुरासुद्धा वितळायच्या आत ओंजळीनं गोळा करू लागली.