ती मीच ओढली

मर्ल ओडेगार्डचं पत्र ऑगस्टात आलं होतं. ऑर्व्हल ट्वेटनं त्याला उत्तर दिलं नव्हतं, आणि म्हणूनच ते त्याला शब्दन् शब्द पाठ झालं होतं.

'माझी लेक नोरीन यंदा पहिल्यांदा शिकारीला येईल. दुकानात दोन रायफली बघितल्या. एक अक्रोडाच्या दस्त्याची, दुसरी काळ्या प्लास्टिकच्या दस्त्याची. काळी बरीच स्वस्त आहे. तुम्ही क्लबात दोन्ही चालवून बघताय असं कळलं. कोणती घेऊ? तुम्ही सांगाल ती.'

घात केला तो शेवटच्या तीन शब्दांनी. ऑर्व्हलचा जन्म शाळेच्या ग्रंथालयात गेलेला. कुणाला पुस्तक सुचवायचं तरी आधी त्याच्या कपाळावर घाम यायचा. निवृत्तीनंतर तो क्लबाच्या मासिक पत्रकात रायफलींची तुलना लिहायचा, तीही इतक्या 'परंतु'ंनी भरलेली की वाचणारा दुकानात जाऊन गोंधळून परत यायचा. मर्लला उत्तर लिहायला तो अनेकदा बसला. प्रत्येक खर्डा 'अर्थात माझं चुकत असेल' या वाक्यापाशी येऊन थबकला आणि शेगडीत गेला.

आता ऑक्टोबर सरत आला होता. रविवारी शिकारीचा हंगाम उघडायचा होता. वरच्या डोंगरांवर बर्फ उतरलं होतं आणि एल्क हरणांचे कळप खाली सरकत होते. गुरुवारी सकाळी ऑर्व्हल शेवटची चाचणी म्हणून दोन्ही रायफली घेऊन क्लबाच्या नेमबाजीच्या मैदानावर गेला. वारा पडला होता. इतका, की नेमबाजाला आनंद व्हावा. पण त्या शांततेत त्याला उगाच अस्वस्थ वाटलं.

"आलास प्रोफेसर?" मैदान सांभाळणारी विल्मा केटनर थर्मासमधून कॉफी ओतत म्हणाली. "निकाल लागतोय की अजून पुरवण्या जोडायच्यात?"

"आज लिहीन म्हणतो."

"तू लग्नाचंही असंच म्हणायचास. पोरगी पसंत पडेपर्यंत तिला नातवंडं झाली."

ऑर्व्हल ओशाळून हसला आणि बाकावर बसला. अक्रोडाच्या रायफलीच्या पाच गोळ्या निशाण्याच्या कागदावर तळहाताएवढ्या जागेत विखुरल्या. मग त्यानं काळी घेतली. चार गोळ्या अशा लागल्या की वर एक नाणं ठेवलं तर चारही भोकं झाकावीत. पाचव्या गोळीसाठी त्यानं गोळी आत सरकवणारा बोल्ट बंद केला, दस्ता वाळूच्या पिशवीवर जरा जोरात टेकवला, आणि धाडकन बार झाला.

"ती मीच ओढली," तो लगेच म्हणाला.

हा तिथला रिवाज होता. गोळी भरकटली तर दुर्बिणीला डोळा लावण्याआधीच 'मीच ओढली', म्हणजे चाप ओढताना माझाच हात हलला, असं म्हणून दोष आपल्या अंगावर घ्यायचा. नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारा त्या क्लबात टिकत नसे. आणि स्वतःला दोष देण्यात तर ऑर्व्हलचा हात धरणारा कुणी नव्हता.

"कळलं, तूच ओढलीस," विल्मा म्हणाली. "चार तर बघ! काळीचा नेम सरळ, किंमत कमी. आणखी काय हवंय तुला? मर्लनं बघ कसं झटक्यात ठरवलं."

"मर्लनं?"

"गेल्या रविवारी दुकानातून काळी घेऊन गेला. तुझा कागद बघूनच तर घेतली. आत भिंतीवर लावलाय मी, मागच्या महिन्यातला. म्हणाला, प्रोफेसर उत्तर देत नसले तरी कागद बोलतोय."

ऑर्व्हल उठून क्लबाच्या खोलीत गेला. शेगडी पेटवलेली असूनही आत गारठा होता. भिंतीवर त्याचा कागद होता: चार भोकं एकत्र, पाचवं वर लांब, आणि त्याभोवती लाल पेन्सिलीनं त्याच्याच अक्षरात 'माझी चूक'. शेजारी गुरांचे डॉक्टर होबार्ट लिन यांचा कागद. होबार्टनं स्वतःसाठी नवी काळी घेतली होती. चार एकत्र, एक लांब, खाली लिहिलेलं: 'हात हलला.' त्याच्या पलीकडे विल्माचा कागद, क्लबातल्या काळीचाच. चार एकत्र, एक लांब. 'शिंक आली.'

होबार्टचा हात? उधळलेल्या घोड्याच्या पापणीला टाके घालणारा तो हात?

"विल्मा," त्यानं विचारलं, "तुला त्या दिवशी खरंच शिंक आली होती?"

दारात उभी राहून ती हसली. "आता काय आठवतंय? गोळी उडाली, काहीतरी लिहायला हवं, म्हणून लिहिलं."

"त्या वेळी तुझं बोट कुठं होतं?"

विल्मानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तिचं हसू हळूहळू विरलं.

दोघं बाहेर आले. ऑर्व्हलनं काळी रायफल रिकामी केली, आत करंगळी घालून काडतूस नसल्याची खात्री केली आणि नळी मातीच्या बांधाकडे धरली. बोल्ट ओढून बंद केला. काही झालं नाही. पुन्हा केला. पुन्हा काही नाही.

"बघ, माझाच भास," तो पुटपुटला. त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

"मग ठेव आता. बोटं गोठली माझी." विल्मानं रायफल त्याच्या हातून घेतली आणि दस्ता लाकडी फळीवर टेकवला.

टक्.

चापाजवळ कुणाचंच बोट नव्हतं, तरी आतला खटका सुटला होता. विल्मानं बोल्ट पुन्हा ओढून बंद केला, दस्ता पुन्हा फळीवर टेकवला. टक्. आवाज अगदी बारीक होता, दिवा बंद केल्यासारखा.

"दोन रायफली, तीन माणसं," ऑर्व्हल म्हणाला. "आणि तिघांनीही दोष स्वतःवर घेतला."

विल्मानं रायफल फळीवर आडवी ठेवली. मग तिनं विचारलं, "डोंगरात नोरीन कुठं चालते रे? बापाच्या पुढं की मागं?"

"मागं. मर्ल वाट पाडतो." त्यानं दस्त्याकडे बघितलं. "आणि कुंपण आलं की दस्ता जमिनीला टेकवायचा, हे आपणच शिकवलं तिला."

ओडेगार्डच्या दरीत टेलिफोनची तार अजून पोचली नव्हती. घाटात बर्फ साचलं होतं, आणि चाकांना साखळ्या लावलेली टपालगाडी तेवढी वर जात होती.

"मी होबार्टला आणि दुकानाला फोन करते," विल्मा म्हणाली. "तू मर्लला लिही. दुपारच्या गाडीत पडलं तर उद्या त्याच्या पेटीत. आणि ऐक प्रोफेसर, आज परंतुबिरंतु नको."

ऑर्व्हल क्लबाच्या टेबलाशी बसला. दोन ओळी झाल्या आणि लेखणी सवयीनं 'अर्थात' लिहून मोकळी झाली. तो त्या शब्दाकडे बघत राहिला. चूक निघाली तर? दुकानदार काय म्हणेल, क्लब काय म्हणेल? मग त्याला बर्फात बापाच्या पावलांवर पाऊल टाकत चाललेली पोर दिसली. त्यानं तो शब्द खोडला. नवा कागदही घेतला नाही.

'मर्ल, काळी रायफल भरू नका. दस्ता आपटला की ती आपोआप सुटते. मी इथं रिकामी करून स्वतः पाहिलं. माझ्या कागदावर माझी चूक असं लिहिलंय. ती चूक माझी नव्हती. रविवारी नोरीनच्या हाती तुमची जुनी रायफल द्या. उत्तराला उशीर झाला. ऑर्व्हल ट्वेट.'

पोस्टातल्या बाई टपालाच्या पिशव्यांची तोंडं बांधत होत्या. पाकीट हातात घेऊन त्यांनी पत्ता वाचला आणि खिडकीतून डोंगराकडे नजर टाकली. डोंगर दिसत नव्हता.

"उद्या पोचेल," त्या म्हणाल्या. "बहुतेक."

ऑर्व्हलनं पाकीट परत मागून घेतलं आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: 'रायफल हातात घेण्याआधी उघडा.' बाईंनी ते वाचलं, मान वर करून त्याच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता बांधलेल्या पिशवीची दोरी सोडली. पाकिटावर शिक्का उमटला आणि ते आत पडलं.