अर्धी गोळी

वृद्धांची सेवा करायची तर माणसाला आतून हाक यावी लागते. सिस्टरांना ती आली तेव्हा त्या शस्त्रक्रिया विभागात एका धिप्पाड रुग्णाला कुशीवर वळवत होत्या, आणि हाक नेमकी कमरेच्या मणक्यातून आली. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरून सांगितलं, यापुढे जड उचलणं बंद. म्हाताऱ्यांच्या विभागात जागा होती. म्हातारी माणसं वजनाने हलकी असतात, असा तेव्हा सिस्टरांचा समज होता. हलक्या माणसाने उठायचंच नाही असं ठरवलं की ते किती जड होतं, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. पण तोवर बदली झाली होती.

विभागात मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदा येत. पलंगांमधून प्रमुख पाहुण्यासारखे फिरत, "काय आजोबा, मजेत?" असं विचारत आणि उत्तर येण्याआधी पुढच्या पलंगाशी पोचत. त्यांच्या मागे सिस्टर गप्प उभ्या. कोणाचं काय दुखतं, कोणाला कोणती गोळी मानवत नाही, सगळं त्यांना ठाऊक. पण साधी पोट साफ होण्याची गोळी बदलायची तरी डॉक्टरांची सही लागायची. तेवढ्यात नर्स प्रॅक्टिशनरच्या अभ्यासक्रमाची जाहिरात आली. नर्सने पुढे शिकायचं, परीक्षा द्यायची, मग रुग्णाला स्वतः तपासायचं, औषध स्वतः लिहायचं आणि वाटलं तर स्वतः बंदही करायचं. सिस्टरांनी अर्ज ठोकून दिला.

प्रवेशाच्या मुलाखतीत प्रश्न होता, वृद्धच का? प्रत्येक उमेदवाराने आपापली आजी काढली. त्या सकाळी त्या खोलीत इतक्या आज्या नातीच्या मांडीवर शांतपणे गेल्या, की परीक्षकांनी पाणी मागवलं. सिस्टरांच्या दोन्ही आज्या त्यांच्या जन्माआधीच आटोपल्या होत्या, म्हणून त्यांनी शेजाऱ्यांची उसनी घेतली. शेजाऱ्यांची आजी अजून ठणठणीत होती आणि रोज यांच्या दारात कचरा लोटत होती. प्रवेश मिळाला.

मग काही वर्षं ड्युटी, अभ्यास आणि कंबरपट्टा. नवरा म्हणायचा, "सावकाश होऊ दे. तू पास होईपर्यंत मीच तुझ्या वॉर्डात भरती होतो. सरावाला घरचा माणूस." त्या पास झाल्या. वर्षभराच्या बोलीवर नेमणूक झाली, पांढऱ्या कोटावर नवा बिल्ला आला. पूर्ण अधिकारानिशी त्या वॉर्डात शिरल्या आणि खिडकीजवळच्या आजींनी हाक मारली, "सिस्टर, भांडं द्या."

अधिकाराचा पहिला वापर त्यांनी मास्तरांवर केला.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती आणि उरलेलं अर्धं गाव त्यांच्या शिष्यांना चुकवत रस्ता ओलांडत होतं. घरात पाय घसरून पडले, म्हणून मुलीने त्यांना इथे आणलं. त्यालाही आता बराच काळ लोटला होता आणि तेव्हापासून ते झोपूनच होते. हृदयाच्या, मेंदूच्या, पोटाच्या अशा सगळ्या डॉक्टरांनी आपापल्या गोळ्या लिहिल्या होत्या, आणि एकाचं अक्षर दुसऱ्याने वाचलं नव्हतं. झोपेच्या गोळीने चक्कर यायची, म्हणून चकरेची गोळी. तिने पोट साफ व्हायचं नाही, म्हणून पोटाची. पोटाच्या गोळीने रात्री उठावं लागायचं, म्हणून पुन्हा झोपेची. मुलगी दर रविवारी यायची, झोपलेल्या वडिलांचे केस विंचरायची, त्यांचा हात हातात घेऊन डोळे पुसायची आणि हलकी होऊन घरी जायची.

सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे एकेक गोळी हळूहळू कमी केली. सर्वांत शेवटी झोपेची बंद केली. मग एका सकाळी वॉर्डातले मदतनीस, ज्यांना सगळे मामा म्हणतात, मास्तरांची व्हीलचेअर बाथरूममधून उलटी बाहेर काढत होते, तेव्हा खुर्चीतून आवाज आला.

"मागे बघितलं का?"

मामांनी दचकून खुर्ची सोडूनच दिली.

"आणि उतारावर हात सोडायचा नसतो," मास्तर म्हणाले. "लायसन कोणी दिलं तुम्हाला?"

सिस्टरांनी त्यांच्या स्मरणशक्तीची चाचणी घेतली. वार, महिना, वर्ष, सगळं बरोबर. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर ते काढून विचारतात, "एवढंच? गिअरबॉक्स काढून दाखवू?" थोड्याच दिवसांत ते कठड्याला धरून जिना चढू लागले. मोठे डॉक्टर खूश झाले. विभागाच्या अहवालासाठी फोटो काढला गेला. मध्ये डॉक्टर, एका बाजूला मास्तर आणि दुसऱ्या बाजूला सिस्टरांचा खांदा.

मास्तरांचं मागणं मात्र एकच होतं.

"बाई, घरी कधी सोडताय? मागच्या नळाचा वायसर बदलायचा राहिलाय. पाणी ठिबकत असेल."

"पुढच्या महिन्यात," सिस्टर म्हणाल्या. हा शब्द त्यांनी विचार करून दिला होता. घरी सोबतीला एक माणूस, न्हाणीघरात धरायला दांडा, बस्स. इतक्या वर्षांत या विभागातून स्वतःच्या पायांनी घरी गेलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांना तो पाहायचा होता.

रविवारी मुलगी कंगवा घेऊन आली. मास्तरांनी तो तिच्या हातातून घेतला, स्वतःच भांग पाडला आणि म्हणाले, "घराची किल्ली आण."

मुलगी तडक सिस्टरांच्या टेबलाशी.

"सिस्टर, माझ्या बाबांना काय केलंत तुम्ही?"

"बरं केलं."

"कोणी सांगितलं होतं?"

हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. सिस्टर म्हणाल्या, "ताई, ते घरी राहू शकतात."

"घरी कुठे... घराचं काम चाललंय."

"किती दिवस चालेल?"

"चालेल." मुलगी खुर्चीत टेकली. तिचेही गुडघे धरलेले होते. तीसुद्धा साठीला आली होती. "इतके दिवस शांत पडून होते हो. आता उठल्यापासून फोन. किल्ली, किल्ली आणि किल्ली. मी काय सांगू त्यांना?"

"असेल ते सांगा."

"तुमचे वडील आहेत?"

"नाहीत."

"मग सोपं आहे तुम्हाला."

दोन दिवसांत मुलीची तक्रार आली की रुग्ण अस्वस्थ असतात. तशी ती खोटी नव्हती. मास्तर मामांना वळण कसं घ्यायचं ते शिकवत, जेवणाच्या ढकलगाडीला हॉर्न का नाही म्हणून जाब विचारत आणि त्यांचं बघून शेजारचे आजोबाही दिवसा जागे राहायला शिकले होते. "झोपलेले होते तेव्हा देवमाणूस होते," वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या. "आता चहा गार असला तर कळतं त्यांना. असं सगळेच उठले, सिस्टर, तर आम्ही पळायचं कुठे?"

मोठ्या डॉक्टरांनी सिस्टरांना खोलीत बोलावलं.

"सिस्टर, काम तुमचं उत्तमच आहे. पण रुग्ण म्हणजे नुसता रुग्ण नसतो, त्याच्यामागे कुटुंब असतं. मास्तरांना थोडी झोप दिली तर?"

"रात्री छान झोपतात, सर."

"मी दिवसाबद्दल बोलतोय."

सिस्टरांनी हातातला केसपेपर त्यांच्यापुढे सरकवला. "मग तुम्ही लिहा, सर."

"मी?" डॉक्टरांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "छे, छे. बंद तुम्ही केलीत. अधिकार तुम्हाला आहे. त्यासाठीच तर एवढं शिकलात ना?"

इतकी वर्षं सहीसाठी सिस्टर डॉक्टरांच्या मागे उभ्या राहत होत्या. आता सहीसाठी डॉक्टर त्यांच्यापुढे बसले होते. यालाच व्यवसायातली प्रगती म्हणतात.

"तुम्हाला कायम करायची फाइल सोमवारी वर जातेय," डॉक्टर म्हणाले. "अर्थात, तिचा याच्याशी काही संबंध नाही." संबंध नाही, हे सांगण्यासाठी त्यांनी उठून दार लावून घेतलं होतं.

सिस्टरांनी अर्धी लिहिली. अर्ध्या गोळीची एक सोय असते. घेणाऱ्याला ती पुरते आणि देणाऱ्याला दिल्यासारखी वाटत नाही. शिवाय घराचं काम संपलं की आपण ती पुन्हा बंद करू, असं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं. अधिकार होताच.

गोळी त्यांनी मावशींच्या हाती पाठवली नाही, स्वतः नेली. एवढा सरळपणा शिल्लक होता म्हणा, किंवा मास्तर दुसऱ्या कोणाकडून घेणार नाहीत, हे माहीत होतं म्हणा.

"ही कसली?" मास्तरांनी विचारलं.

"ताकदीची."

"अर्धीच?"

"सुरुवातीला अर्धी."

"बरोबर आहे. नवशिक्याला एकदम वेग द्यायचा नसतो." मास्तर हसले. "पायऱ्यांसाठी ना? आमच्या दारात चार पायऱ्या आहेत, चढ जरा वाईटच आहे." त्यांनी तळहात पुढे केला. "तुम्ही देताय म्हणून घेतो हां, बाई. बाकी कोणाच्या हातची घेतली नसती."

सिस्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला. मास्तरांनी पेला धरला, गोळी गिळली आणि तोंड उघडून दाखवलं, एखाद्या गुणी मुलासारखं. सिस्टरांनी दाखवायला सांगितलं नव्हतं, पण बघितलं.

आठवड्याभरात अर्धीची पूर्ण झाली. ती लिहिताना सिस्टरांना अर्धीइतकाही विचार करावा लागला नाही. किल्लीचे फोन थांबले. शेजारच्या आजोबांच्या घरच्यांनीही येऊन विचारलं, आमच्यासाठी काही करता येईल का. सिस्टर कायम झाल्या. नव्या मुलींच्या तुकडीला 'वृद्धांमधील अनावश्यक औषधे' हा विषय आता त्याच शिकवतात, आणि चांगला शिकवतात, असं मुली सांगतात.

महिन्याभराने एका रविवारी मुलगी झोपलेल्या वडिलांचे केस विंचरत बसली होती. सिस्टर पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, घराचं काम कुठवर आलं?"

मुलीने कंगवा थांबवला नाही.

"ते तर कधीच विकलं हो, सिस्टर. बाबांना इथे आणलं, त्याच महिन्यात."

तिथे आता दातांचा दवाखाना आहे. गुरुवारी बंद असतो.